कडेवर कोरलेला वायदा

लेखमाला : खासगी तांबं, भाग चौथा

मागच्या भागात आपण सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या दुकानदारांनी आणि खानावळवाल्यांनी पाडलेली चिमुकली टोकनं पाहिली. १६७२ साली दुसऱ्या चार्ल्सच्या सरकारने स्वतःची तांब्याची नाणी काढली आणि त्या टोकनांवर बंदी आली. सव्वाशे वर्षं उलटायच्या आत सुट्या पैशांचा तोच प्रश्न त्या देशापुढे पुन्हा उभा राहिला. या वेळी जी टोकनं निघाली ती अव्वल दर्जाची होती. माझ्या मते तांब्यात इतकं मनापासून झालेलं खासगी काम त्याआधी नव्हतं आणि नंतरही झालं नाही.

प्रश्न नेमका काय होता? गिरण्या, खाणी, भट्ट्या वाढत होत्या, शेकडो मजुरांना आठवड्याचा पगार चुकवायचा होता, आणि पगार पेनी-शिलिंगांत मोजायचा होता. पण लंडनच्या सरकारी टांकसाळीने १७७५ नंतर तांब्याची हाफपेनी पाडणंच थांबवलं. सोनं-चांदी हे राजाला शोभणारं काम, तांबं म्हणजे उगाच कटकट, अशी तिथल्या अधिकाऱ्यांची वृत्ती. ही पोकळी बनावट नाण्यांनी भरून काढली. बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन याने एका पत्रात तक्रार केली आहे की, प्रवासात टोलनाक्यांवर परत मिळणाऱ्या हाफपेनींपैकी सरासरी दोन तृतीयांश खोट्या असतात. काही मालक तर ही खोटी नाणी घाऊक भावात स्वस्तात विकत घेत आणि तीच पूर्ण किमतीने मजुरांच्या हातावर ठेवत. कायद्याच्या कचाट्यातून सुटण्यासाठी बनावट नाणी पाडणाऱ्यांनी युक्ती काढली होती. राजाच्या नाण्याची हुबेहूब नक्कल हा गुन्हा, म्हणून ते अक्षरं बदलत. ‘जॉर्जियस रेक्स’च्या जागी ‘जॉर्ज रूल्स’ असं काहीतरी छापत. ज्याला वाचता येत नाही त्याच्या लेखी दोन्ही सारखंच.

यातून वाट काढली ती वेल्सच्या उत्तरेकडच्या अँगलसी बेटाने. तिथल्या पॅरिस माउंटनमध्ये १७६८ साली तांब्याचा प्रचंड साठा हाती लागला (फ्रान्सच्या पॅरिसशी या डोंगराचा काही संबंध नाही). खाणीचा कारभार टॉमस विल्यम्स या वकिलाच्या हाती आला. सचोटीबद्दल त्याची ख्याती अशी की वेल्श मजूर त्याला ‘ट्वम ख्वारे तेग’, म्हणजे न्यायाने वागणारा टॉम, म्हणत. तांबं घरचं, मजूर घरचे, आणि सरकार नाणं पाडायला तयार नाही. १७८७ साली पॅरिस माइन कंपनीने स्वतःची पेनी बाजारात आणली.

ही पेनी हातात घेतली की पहिल्यांदा जाणवतं ते वजन. एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम तांबं. सरकारी हाफपेनी एका पौंडात ४६ बसत, कंपनीच्या हाफपेनी फक्त ३२. म्हणजे राजापेक्षा खाणवाल्याचं नाणं जड! पुढच्या बाजूला ओकच्या पानांच्या वेढ्यात ड्रुइडचं डोकं आहे. डोक्यावरून ओढलेलं वस्त्र आणि लांब, वळणं घेत उतरणारी दाढी. अँगलसी हे ड्रुइड पुरोहितांचं ठाणं होतं आणि इसवी सन ६०च्या सुमारास रोमन सैन्याने ते उद्ध्वस्त केलं, म्हणून हे चित्र. जॉन ग्रेगरी हँकॉक या कारागिराने हा ठसा कोरला. चांगल्या प्रतीत दाढीची बट न बट वेगळी दिसते. मागच्या बाजूला कंपनीची गुंफलेली आद्याक्षरं आणि धारकाला एक पेनी देण्याचं वचन.

नाणं आडवं धरून कड फिरवली की आणखी अक्षरं उलगडतात : मागणी करताच लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसी येथे. जणू एखादी हुंडीच तांब्याच्या कडेवर लिहून दिली आहे. कुणी दिलं, काय देणार आणि कुठे वटणार, सगळं एका पेनीत. तेव्हाच्या सरकारी तांब्यावर असं कोणतंही वचन नव्हतं.

लोकांनी ही पेनी विश्वासाने घेतली आणि मग लाट उसळली. लोखंडाचा मोठा कारखानदार जॉन विल्किन्सन याने १७८७ सालीच आपल्या टोकनावर स्वतःचाच चेहरा छापला, मागे घणाची भट्टी. राजाच्या जागी एक लोहार बसला, म्हणून त्याची टर उडवली गेली, पण नाणं चाललं. कॉव्हेंट्रीच्या १७९२च्या हाफपेनीवर घोड्यावर बसलेली लेडी गोडायव्हा आहे. कोलब्रुकडेलच्या टोकनावर तिथला प्रसिद्ध लोखंडी पूल. लंडनच्या पिडकॉकच्या प्राणिसंग्रहालयाने हत्ती आणि गेंडे छापले. सामान्य माणसाच्या खिशात एवढी चित्रं एरवी कुठून यायला!

माझा सर्वांत लाडका मात्र टॉमस स्पेन्स. हा गरीब पुस्तकविक्रेता जमीन सर्वांच्या मालकीची असावी असं मानणारा, त्यासाठी तुरुंगात जाऊन आलेला. त्याने आपली मतं टोकनांवर छापून लोकांत पसरवली. त्याच्या एका टोकनावर ‘क्रांतीआधी’ या शब्दांखाली कोठडीत हाड चघळणारा सांगाडा झालेला माणूस आहे, तर दुसऱ्यावर ‘क्रांतीनंतर’ भरल्या ताटावर जेवणारा माणूस. पत्रकं पोलिसांना जाळता येतात, तांबं जाळता येत नाही.

१७९५च्या आसपास संग्राहकांची झुंबड उडाली आणि तिथेच घोळ सुरू झाला. बर्मिंगहॅमच्या ठसेकारांच्या लक्षात आलं की, एकाची पुढची बाजू आणि दुसऱ्याची मागची बाजू जोडून नाणं पाडलं की ते ‘दुर्मीळ’ म्हणून खपतं. अशी शेकडो संकरित टोकनं निघाली. ती कधीच कुणाच्या पगारात गेली नाहीत. ती जमवण्यात गैर काही नाही, पण नवख्याने सुरुवात त्यांच्यापासून करू नये असं माझं ठाम मत आहे. ज्या टोकनाच्या कडेवर खरा पत्ता आणि खरा देणेकरी आहे, ते आधी घ्यावं. चित्र तेच, पण एकाची कड कोरी, दुसऱ्याच्या कडेवर नुसत्या रेघा, तिसऱ्याच्या कडेवर भलत्याच गावाचं नाव, असं सर्रास आढळतं. ड्रुइडच्या हलक्या वजनाच्या नकलाही तेव्हाच निघाल्या होत्या, म्हणून भिंगासोबत छोटा वजनकाटा हवाच.

नोंदीसाठी इप्सविचचा कापडव्यापारी जेम्स कॉन्डर याने १७९८ साली यादी काढली. त्याने स्वतःच्या दुकानाचं टोकनही पाडलं होतं. आज संग्राहक या सगळ्या टोकनांना ‘कॉन्डर टोकन’ म्हणतात ते त्याच्याच नावावरून. प्रत्यक्ष खरेदीत मात्र डाल्टन आणि हॅमर यांच्या ग्रंथाचा क्रमांक चालतो. १९१० ते १९१८ या काळात तो भागाभागांनी निघाला आणि त्याची मांडणी परगण्यांनुसार आहे. विक्रेता परगणा आणि क्रमांक सांगत नसेल तर घाई करू नका.

१७९७ साली सरकारला जाग आली. कंत्राट मिळालं बोल्टनला, त्याच्या वाफेच्या यंत्रांनी एक औंसाची सरकारी पेनी पाडली आणि पहिली लाट ओसरली. पण त्याआधीच बोल्टनच्या सोहो इथल्या याच कारखान्यातून ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यासाठी तांब्याचे पैसे पाडून आले होते. त्यांवर १७९१ आणि १७९४ ही सालं आहेत. एका बाजूला कंपनीची गाठोड्यावरची खूण, दुसऱ्या बाजूला तराजू आणि त्याच्या पारड्यांमध्ये अरबी लिपीत ‘अदिल’, म्हणजे न्यायी. ड्रुइडच्या पेनीचे हे सख्खे भाऊ.

असा तराजूचा पैसा तुमच्या घरच्या जुन्या डब्यात असू शकतो. तो सापडला तर एवढं करा : चिंच, लिंबू, राख काहीही लावू नका. दोनशे वर्षांत तांब्यावर चढलेली तपकिरी झाक एकदा गेली की परत येत नाही आणि तिच्यासोबत नाण्याची निम्मी किंमतही जाते. हिरवा कळंक दिसला तर नाणं कोरड्या कागदाच्या पाकिटात वेगळं ठेवा आणि जाणकाराला दाखवा. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका. पुढच्या भागात १८११ ते १८१७ची दुसरी लाट आणि तिच्यावर आलेली बंदी पाहू.