अब्बांचा सातबारा आणि बहिणींची नावे

चाळिसावा आटोपतो, पाहुणे पांगतात आणि थोरला भाऊ मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे जातो. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, पण परंड्यापासून उमरग्यापर्यंत लोकांच्या तोंडी तलाठीच आहे. अर्जात वारस किती, असे विचारलेले असते. तिथे दोन भावांची नावे पडतात, फार तर अम्मीचे. तीन बहिणी सासरी असतात. त्यांना कोणी मुद्दाम वगळले असे कुणी म्हणत नाही. त्यांची आठवणच झाली नाही, एवढेच. पुढे पाच-सात वर्षांनी बँकेचे कर्ज काढताना किंवा रस्त्यात जमीन गेली की मोबदल्याच्या वेळी त्या आठवतात, आणि मग निरोप येतो : "आपा, एका कागदावर सही हवी होती."

धाराशिव जिल्ह्यातल्या अनेक घरांना हे नवे नाही, म्हणून या वेळी याच कागदाबद्दल लिहीत आहोत.

पहिली गोष्ट ही की आपल्यात हिस्सा 'मागून' मिळत नाही. मय्यतीच्या क्षणी तो वारसाचा झालेला असतो. एकत्र कुटुंब आणि कर्ता ही कल्पना शरीअतमध्ये नाही. बाप हयात असेपर्यंत ना मुलाचा हक्क, ना मुलीचा. तो गेल्यावर मात्र प्रत्येकाचा ठरलेला हिस्सा वेगळा, जमीन एकत्र कसली जात असली तरी. दफनाचा खर्च, कर्ज (अम्मीचा न दिलेला मेहर हेही कर्जच) आणि एकतृतीयांशापर्यंतची वसीयत वजा जाता जे उरते, ते वारसांत वाटायचे. वारसाच्या नावे केलेली वसीयत बाकीच्या वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही.

आठ एकराचा हिशेब करून पाहू. मागे अम्मी, दोन मुलगे, तीन मुली. सूरह निसाच्या अकराव्या आणि बाराव्या आयतीतले प्रमाण लावले तर अम्मीचा आठवा भाग, म्हणजे एक एकर. उरलेल्या सातात मुलाला मुलीच्या दुप्पट : प्रत्येक भावाला दोन एकर, प्रत्येक बहिणीला एक. जमात-मोहल्ल्यात पाढ्यासारखे पाठ असलेले हे गणित सातबाऱ्यावर येताना मात्र चार-चार एकराचे होते.

"तिच्या लग्नात दिले की!" हे उत्तर आपण सगळ्यांनी ऐकले आहे. लग्नात दिलेले हिश्श्यातून वजा होत नाही. "अब्बांनी हयातीतच मला हिबा केली" असेही सांगितले जाते. खरी हिबा असेल तर ती जमीन मतरुक्यात येत नाही, हे मान्य. पण त्यासाठी देणाऱ्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि ताबा प्रत्यक्ष सोपवणे ही तिन्ही हवीत. अब्बा शेवटपर्यंत स्वतःच कसत होते, तर ताबा दिला कधी? आणि बाप जिवंत असताना मुलीकडून लिहून घेतलेली "मला काही नको" ही चिठ्ठी निरुपयोगी आहे, कारण जो हक्क अजून आलाच नाही तो सोडणार कसा? मृत्यूनंतरचे हक्कसोडपत्र मात्र नोंदणी झाले की बांधते. त्यामुळे सही करण्याआधी कागद घरी आणावा, वाचून घ्यावा.

कुणी शिकलेला भाऊ 1937 च्या शरीअत कायद्याचे कलम 2 दाखवतो. त्यात शेतजमीन वगळली आहे. आहेच. पण त्याने बहिणीचा हक्क संपत नाही. आमच्यात मुलींना जमीन न देण्याची रूढी आहे असे ज्याचे म्हणणे, त्यालाच ती न्यायालयात सिद्ध करावी लागते. ऑक्टोबर 2025 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका मतरुक्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अपत्य नसलेल्या विधवेचा हिस्सा एकचतुर्थांश धरला. तिने तीनचतुर्थांश मागितला होता, तो मिळाला नाही. नवऱ्याच्या हयातीत नुसता विक्रीचा करार झालेली जमीनही मतरुक्यातच मोजली गेली, कारण कराराने मालकी जात नाही.

आता नाव राहिलेच असेल तर? फेरफाराची नोटीस निघाल्यापासून पंधरा दिवसांत हरकत घेता येते. ती वेळ गेली तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे साठ दिवसांत अपील. उशीर झाला तर कारण देऊन माफीही मागता येते. फेरफाराने मालकी ठरत नाही, ती दिवाणी न्यायालय ठरवते. तिथे वाटपाचा दावा लागला की शेतजमिनीची प्रत्यक्ष मोजणी-वाटणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. एका भावाचा नुसता ताबा म्हणजे सगळ्यांचा ताबा समजला जातो. पण त्याने "तुझा काही संबंध नाही" असे उघड सांगितले, तर त्या दिवसापासून बारा वर्षांचे घड्याळ चालू होते. तेव्हा असे उत्तर आले की भावनेत वर्षे घालवू नयेत. वकिलाचा खर्च ही अडचण असेल, तर 1987 च्या कायद्याने कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न न पाहता, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

एक सावधगिरी : मशीद-दर्ग्याची खिदमतमाश जमीन आपल्या भागात बरीच आहे. पिढ्यान्‌पिढ्या घराने कसली तरी ती सेवेची जमीन आहे, मतरुका नाही. तिचा हिस्सा कुणी मागू नये, कुणी देऊही नये.

आणि सर्वांत अवघड हिशेब जुन्या घरांचा. हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, जुने कागद उर्दूत, आणि कितीतरी सातबाऱ्यांवर अजून दादांचेच नाव आहे. तिथे आजच्या भावा-बहिणींत सरळ वाटणी करता येत नाही. आधी दादांच्या मय्यतीचे वारस, मग त्यांतला जो जो गेला त्याचे वारस, असे एकेक मृत्यू धरून उतरावे लागते. तसे उतरताना बहिणीला कळते की अब्बांच्या आठ एकरात फुफीचाही हिस्सा होता. अब्बांनी तो कधी दिला नाही आणि फुफीने कधी मागितला नाही. फुफी गेली असली तरी तिची मुले तुळजापूर नाहीतर सोलापुरात असतील. दाव्यात त्यांनाही पक्षकार करावे लागेल, आणि त्यांच्या घरी पहिला फोन बहिणीनेच करायचा आहे.