दम्याचं सिरप मुलाने गटकलं तर?

आजचा विषय माझ्या ताईच्या घरातून आलाय. तिचा मुलगा ३ वर्षांचा, वजन १३ किलो. आजीच्या उशाशी ठेवलेली साल्बुटामॉल सिरपची १०० मिलीची बाटली त्याने निम्मी संपवली. गोड लागतं ना! तासाभराने ताईचा फोन, "अगं, ह्याचे हात थरथरतायत, उलटी झाली, छाती नुसती धडधडतेय."

हिशोब करू. त्या सिरपच्या ५ मिलीत २ मिलिग्रॅम औषध होतं. म्हणजे पोटात गेलं २० मिलिग्रॅम, किलोमागे दीडच्या आसपास. किलोमागे १ च्या वर गेलं की हॉस्पिटलमध्ये देखरेख लागते. पण हा हिशोब डॉक्टरांनी करायचा. आपण आधी निघायचं, किंवा १०८ लावायचा.

ताई मिठाचं पाणी पाजून उलटी काढणार होती. मी ओरडलेच. ते करायचं नाही. बाटली सोबत घ्यायची आणि औषध किती वाजता गेलं ते सांगायचं.

हे औषध श्वासनलिका सैल करतं, पण जास्त झालं की हृदयालाही पळवतं. रक्तातलं पोटॅशियम पेशींमध्ये शिरतं, त्यामुळे रक्तात ते कमी दिसतं, साखर वाढते. म्हणून ईसीजी, रक्त तपासणी आणि काही तास नजर. औषध उतरलं की पोटॅशियम परत वर येतं. निरोगी मुलाच्या जिवावर हे सहसा बेतत नाही. आमचे साहेब सकाळी बिस्किट मागत होते.

थिओफिलिनच्या गोळ्यांची मात्र मला खरी भीती वाटते. आजोबांच्या डब्यात असतात बघा. उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फारच थोडं. उलट्या थांबत नाहीत, झटके येतात, ठोके बिघडतात. हळूहळू विरघळणारी गोळी असेल तर त्रास कित्येक तासांनी सुरू होतो, तोवर मूल खेळत असतं! त्यामुळे "बरा दिसतोय" म्हणून घरी थांबायचं नाही. वेळेत पोचलात तर पुन्हा पुन्हा कोळशाचं औषध देतात, कधी डायलिसिसही करावं लागतं. आणि ही गोळी चालू असताना सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा एरिथ्रोमायसिन घेतलं, तर डोस तोच राहूनही रक्तातलं प्रमाण चढतं. दुसऱ्या डॉक्टरांना गोळी दाखवाच.

आता कॉलेजवाल्यांनो, पंप मारल्यावर हात थोडे थरथरले तर ती विषबाधा नव्हे. घाबरून पंप लपवू नका. पण ४ तासांच्या आत पुन्हा पंप लागतोय, तर दमा आटोक्यात नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि धाप लागून बोलता येत नसेल तर पंप घेत घेतच हॉस्पिटलला निघा.

ताईची बाटली आता कपाटाच्या वरच्या खणात आहे. आजी रोज स्टूल मागते.