सहकारी जेव्हा सहाध्यायी होतात

काही वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका सकाळी, पवई तलावावरचे धुके पुरते विरलेही नव्हते अशा वेळी, अंधेरीच्या एकाच कचेरीत वर्षानुवर्षे शेजारी बसून काम करणारे आम्ही चौघे आयआयटीच्या मुख्य दरवाजापाशी जमलो. मी बोरिवलीहून लोकलने अंधेरीस उतरून मेट्रोने साकीनाक्यापर्यंत आणि तेथून बसने आलो होतो. अंधेरीचा आमच्यातला सर्वांत तरुण सोबती वाटेत मला येऊन मिळाला होता. मुलुंडचे सहकारी कांजूरमार्गला उतरून रिक्षाने पोहोचले होते. आणि घाटकोपरच्या बाई सर्वांना पुरतील इतकी थालीपिठे डब्यात भरून आल्या होत्या. नावनोंदणीच्या टेबलावर आम्हांला जे बॅज मिळाले त्यांवर केवळ नाव होते, हुद्दा नव्हता. ती गोष्ट किती मोलाची होती, हे मला सायंकाळपर्यंत उमगले.

आम्ही ज्या परिषदेस गेलो होतो तिचे नाव सायपाय इंडिया. पायथन ही संगणकाची भाषा विज्ञान, अभियांत्रिकी आणि अध्यापन यांत वापरणाऱ्यांचे हे संमेलन 2009 मध्ये त्रिवेंद्रम येथे प्रथम भरले, 2011 मध्ये पवईच्या आयआयटीत आले आणि पुढे अनेक वर्षे तेथेच भरत राहिले. त्यामागे केंद्र सरकारच्या साहाय्याने चालणारा ‘फॉसी’ हा तेथील प्रकल्प होता. ज्याची मूळ संहिता कोणालाही वाचता यावी, दुरुस्त करता यावी आणि इतरांस देता यावी अशा मुक्त सॉफ्टवेअरचा महाविद्यालयांत प्रसार करणे, हे या प्रकल्पाचे कार्य होय. पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे विद्यार्थ्यांकडून संगणकाच्या भाषेत उतरवून घेऊन ती सर्वांस खुली करण्याचा त्याचा उपक्रम तर गावोगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांपर्यंत पोहोचला आहे.

आता, ज्यांचा या व्यवसायाशी संबंध नाही त्यांना साहजिकच प्रश्न पडेल, की जे काम एकट्याने पडद्यासमोर बसून करावयाचे, त्यासाठी सभा कशाला भरवावी? याचे उत्तर या विद्येच्या इतिहासातच आहे. 1968 च्या ऑक्टोबरात जर्मनीतील गार्मिश या गावी सुमारे पन्नास तज्ज्ञ एकत्र जमले, ते याच चिंतेने की संगणकाची यंत्रे झपाट्याने सुधारत असता त्यांवर चालणाऱ्या आज्ञावली मात्र मुदतीत पुऱ्या होत नाहीत आणि पुऱ्या झाल्या तरी भरवशाच्या ठरत नाहीत. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हा शब्दप्रयोग रूढ झाला तो त्या परिषदेपासून. पायथन भाषा 1991 मध्ये प्रसिद्ध झाली आणि 1994 मध्ये तिच्या उपासकांचा पहिला मेळावा अमेरिकेत भरला तेव्हा जेमतेम वीस माणसे हजर होती. मराठी वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. 1878 मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी पुण्यात ग्रंथकारांना एकत्र बोलावले, तेव्हा लेखनासारखे एकांतातले कामही परस्परांच्या भेटीने बळावते, हाच विश्वास त्यांच्या मनात होता.

आमच्या उपनगरांना तर या विद्येचा वारसाच आहे. अंधेरीचे सीप्झ 1973 मध्ये इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठी उभे राहिले आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात तेथे सॉफ्टवेअरचा धंदाही रुजला; देशातील विद्यापीठांना संगणकाच्या जाळ्याने जोडणारे ‘अर्नेट’ 1986 मध्ये सुरू झाले, तेव्हा त्याच्या उभारणीत मुंबईतील ज्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर संस्थेचा मोठा वाटा होता, ती पुढे जुहूलाच नांदली. आणि पवईत वैमानिकी अभियांत्रिकीचे अध्यापन करणारे प्राध्यापक प्रभु रामचंद्रन यांनी निर्माण केलेले, त्रिमितीय आकृत्या दाखवणारे जे साधन देशोदेशींचे शास्त्रज्ञ वापरतात, त्याचे नाव ‘मायावी’ आहे! आपल्या भाषेतला शब्द जगाच्या प्रयोगशाळांत असा सहज वावरतो, हे कळले तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

अशा परिषदेत मुख्य व्याख्याने असतात, हाताने करून शिकण्याचे वर्ग असतात, आणि बहुधा दिवसाच्या शेवटी ‘लाइटनिंग टॉक’ नावाची पाच-पाच मिनिटांची भाषणे असतात, ज्यांत नाव नोंदवील त्याला बोलता येते. आमचे मुलुंडचे सहकारी स्वभावाने अबोल. कचेरीच्या बैठकीत विचारल्याखेरीज न बोलणारे. परंतु बाईंनी आग्रह धरला आणि त्यांनी नाव दिले. दर महिन्याच्या हजारो नोंदींची रुजुवात ते ज्या छोट्या आज्ञावलीने करीत, तिचा तपशील त्यांनी कापऱ्या आवाजात मांडला. चहाच्या वेळी एक विद्यार्थी त्यांच्याजवळ आला, नम्रपणे म्हणाला, “सर, इथे लूपची गरजच नाही,” आणि तेथेच कठड्यावर लॅपटॉप ठेवून त्याने एकेक नोंद तपासत जाणाऱ्या चाळीस ओळींच्या जागी सबंध रकान्यावर एकदम काम करणाऱ्या चार ओळी लिहून दाखवल्या. वयाने निम्म्या असलेल्या त्या मुलाजवळ आमचे सहकारी हातातला चहा निवेपर्यंत उभे राहिले आणि प्रत्येक ओळ त्यांनी दोनदा समजावून घेतली. दहा वर्षांच्या शेजारात त्यांच्या चेहऱ्यावरचे ते कुतूहल मी प्रथमच पाहिले.

म्हणूनच मला वाटते की अशा ठिकाणी एकट्याने न जाता सहकाऱ्यांसह जावे. एकाच वेळी दोन-तीन दालनांत भाषणे चालतात; आम्ही ती आपसांत वाटून घेतली आणि दुपारी हिरवळीवर थालीपिठे खाताना प्रत्येकाने आपण ऐकलेले इतरांना सांगितले. जे दुसऱ्याला सांगावयाचे आहे ते मनुष्य अधिक लक्षपूर्वक ऐकतो, आणि सांगताना आपल्याला नेमके काय कळले नाही हेही त्याच्या ध्यानी येते. शिवाय एकटा ऐकून आलेला मनुष्य कचेरीत नवी तजवीज मांडू लागला की त्याला सोबत मिळणे कठीण जाते. चौघांनी मिळून ऐकलेली गोष्ट मात्र मसलतीशिवायच निम्मी मान्य झालेली असते. ज्यांच्या हाती रजेची मंजुरी आहे त्या वरिष्ठांनी याचा अवश्य विचार करावा; वर्षातले हे दोन-तीन दिवस म्हणजे कामातली खोटी नव्हे, कामाचीच मशागत होय.

सोमवारी आम्ही पुन्हा आपापल्या जागी बसलो, पुन्हा तेच हुद्दे आणि तोच महिनाअखेरचा हिशेब. दुपारी नव्याने रुजू झालेला एक उमेदवार अडखळत शंका विचारावयास आला, तेव्हा मुलुंडच्या सहकाऱ्यांनी स्वतःहून खुर्ची सरकवून त्याला शेजारी बसवले आणि त्या चार ओळी त्याच्यापुढे ठेवून म्हणाले, “हे मला एका विद्यार्थ्याने शिकवले. बस, तुलाही दाखवतो.”