यंत्रावरचे भरतकाम : डोळे, हात आणि धीर सांभाळून

चाळिशी लागली की सुईत दोरा ओवणे अवघड होते, हा बहुतेक घरांतला अनुभव आहे. डोळ्यांतील भिंगाची लवचिकता वयानुसार कमी होत जाते आणि जवळचे पूर्वीसारखे स्पष्ट दिसत नाही. पुढे अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा झिजू लागला, तर चिमटीत सुई धरून ती कापडातून ओढणेही त्रासाचे होते. ज्या हातांनी कधीकाळी रुखवतासाठी रुमाल भरले, घरातल्या बाळांच्या बारशाला कुंच्या आणि झबली सजवली, ते हात मग हळूहळू रिकामे होतात. सुटतो तो केवळ एक छंद नसतो. दिवसाकाठी मन शांत करणारा, आपल्या हक्काचा असा एक तास त्याबरोबर जातो.

घरगुती भरतकाम यंत्राकडे पाहावे ते या दृष्टीने. हाताच्या कशिद्याची जागा ते घेऊ शकत नाही. परंतु डोळे आणि बोटे पूर्वीसारखी साथ देत नसताना ही कला घरात चालू ठेवण्याची वाट ते नक्कीच मोकळी करते. असे असूनही काही घरांत यंत्र मोठ्या हौसेने येते आणि दोन-चार फसलेल्या नक्ष्यांनंतर कोपऱ्यात झाकून पडते. ‘यंत्रच सगळे करते, आपल्याला शिकायचे काय?’ हा समज त्यामागे असतो. वस्तुस्थिती अशी, की नक्षी चांगली उतरणार की बिघडणार हे बरेचसे बटण दाबण्यापूर्वीच ठरलेले असते. शिकायची असते ती ही पूर्वतयारी.

यंत्र नेमके काय करते?

भरतकामाचे यंत्र ही आजची गोष्ट नाही. फ्रान्समधील मुलूझ येथे जोझुए हाइलमान यांनी १८२८ मध्ये हाताने चालवायचे भरतकाम यंत्र तयार केले. त्यानंतर दीर्घकाळ ही यंत्रे कारखान्यांतच राहिली. संगणकाच्या साहाय्याने चालणारी छोटी यंत्रे घरात येऊ लागली ती १९९० च्या दशकात.

साध्या शिलाई यंत्रावर कापड आपण सरकवतो. भरतकाम यंत्रात कापड रिंगमध्ये पक्के बसवलेले असते आणि ती रिंगच यंत्र पुढे-मागे व डावी-उजवीकडे हलवते. सुई आपल्या जागी वर-खाली होत राहते. कोणता टाका कोठे पडायचा याची संपूर्ण यादी नक्षीच्या फाइलमध्ये असते. म्हणूनच मोबाइलवर काढलेला फुलाचा फोटो यंत्राला समजत नाही. त्या चित्राचे टाक्यांत रूपांतर करावे लागते आणि ते स्वतंत्र कौशल्य आहे. शिवाय प्रत्येक यंत्राची भाषा वेगळी असते. ब्रदरची घरगुती यंत्रे ‘पीईएस’ प्रकारच्या फाइल वाचतात, तर जानोमेची ‘जेईएफ’. सुरुवातीचे काही महिने यंत्रात आधीपासून असलेल्या नक्ष्याच वापराव्यात. त्या पुरेशा असतात.

यंत्र घेताना रिंगचा आकार आवर्जून पाहावा. १०० × १०० मिलिमीटरची रिंग झबले, रुमाल, टोपडे यांना पुरते. ब्लाउजच्या पाठीवर किंवा उशीच्या अभ्र्यावर मोठी नक्षी हवी असेल, तर १३० × १८० मिलिमीटर किंवा त्याहून मोठे क्षेत्र लागते. यंत्राच्या भुजेची पोहोच ठरलेली असल्याने नंतर मोठी रिंग आणून हे क्षेत्र वाढवता येत नाही. वीज गेल्यास थांबलेल्या टाक्यापासून पुढे सुरू करण्याची सोय आहे का, हेही दुकानातच विचारून घ्यावे.

बटण दाबण्यापूर्वीच्या चार गोष्टी

पहिली गोष्ट सुई. भरतकामासाठी वेगळी सुई मिळते. तिचे नेढे जरा मोठे असते, त्यामुळे वेगाने जाणारा दोरा विरत नाही. साध्या सुती कापडाला ७५/११ क्रमांकाची, तर जाड कापडाला ९०/१४ क्रमांकाची सुई वापरावी. टी-शर्टसारख्या विणीच्या कापडाला गोल टोकाची सुई हवी. साधारण आठ तास टाके घातल्यावर सुई बदलावी. बोथट सुई दिसायला नव्यासारखीच असते, पण कापड ओढते आणि दोरा तोडते.

दुसरी गोष्ट दोरा. वरचा दोरा ४० क्रमांकाचा रेयॉन किंवा पॉलिस्टर असावा. वारंवार धुवायच्या कपड्यांना पॉलिस्टर बरा, कारण त्याचा रंग अधिक टिकतो. बॉबिनमध्ये भरतकामासाठीचा बारीक दोरा भरावा, बहुधा पांढरा. खालीही वरचाच जाड दोरा भरला, तर नक्षी पाठीमागून फुगते आणि कडक होते.

तिसरी गोष्ट आधार. कापडाखाली घालायच्या या थराला ‘स्टॅबिलायझर’ म्हणतात. हजारो टाके कापडाला चहूबाजूंनी ओढतात. ती ओढ हा थर सोसतो. त्याचे मुख्य प्रकार तीन. ताणल्या जाणाऱ्या कापडाखाली कापून काढायचा आधार घालावा. तो नक्षीमागे कायमचा राहतो. न ताणणाऱ्या सुती कापडाखाली फाडून काढायचा आधार चालतो. तिसरा प्रकार पाण्यात विरघळणाऱ्या पातळ पडद्याचा. टर्किश टॉवेलवर तो वरच्या बाजूने ठेवतात, म्हणजे टाके लुसलुशीत धाग्यांत बुडत नाहीत.

चौथी गोष्ट रिंग लावणे, आणि सर्वांत जास्त सराव हिलाच लागतो. आधार आणि कापड दोन्ही एकत्र रिंगमध्ये घ्यावे. कापड सपाट आणि घट्ट असावे, पण ओढून ताणलेले नसावे. रिंग लावल्यानंतर कडा धरून कापड खेचण्याचा मोह होतो, तो टाळावा. ताणलेले कापड रिंगमधून सुटताच पूर्ववत होते आणि नक्षीभोवती चुण्या पडतात. मखमल किंवा जाड टॉवेल रिंगमध्ये दाबल्यास वळ उमटतो. अशा वेळी फक्त आधार रिंगमध्ये लावून कापड त्यावर कच्च्या टाक्यांनी पक्के करावे. आणि सुती कापड असेल, तर नक्षीआधी एकदा धुऊन, वाळवून, इस्त्री करावे. आटायचे असेल ते आधीच आटते.

पहिले चार आठवडे

पहिल्या आठवड्यात नक्षी काढूच नये. वरचा दोरा ओवणे, बॉबिन भरणे व बसवणे, रिंग लावणे आणि काढणे, एवढेच रोज पंधरा-वीस मिनिटे करावे. एक नियम मनात पक्का करावा : दोरा ओवताना प्रेसर फूट, म्हणजे सुईजवळचा कापड दाबणारा पाय, वर उचललेला असावा. तो खाली असताना दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यामध्ये नीट बसत नाही.

दुसऱ्या आठवड्यात जुन्या चादरीच्या तुकड्यांवर एकरंगी लहान नक्षी काढावी. यंत्राचा वेग मिनिटाला सुमारे ४०० टाके ठेवावा. यंत्र किती वेगाने धावू शकते याला या टप्प्यावर महत्त्व नाही. आठ हजार टाक्यांची नक्षी या वेगाने वीस मिनिटांत होते. एवढा वेळ आपल्याजवळ असतो. याच नक्षीत टाक्यांचे तीन प्रकार ओळखायला शिकावे : रेघ काढणारा धावता टाका, देठ आणि अक्षरे भरणारा चमकदार सॅटिन टाका, आणि मोठी जागा व्यापणारा भराव टाका. कापड उलटून सॅटिन टाक्याची मागची बाजू पाहावी. मधोमध साधारण एक तृतीयांश बॉबिनचा पांढरा दोरा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वरचा रंग दिसत असेल, तर ताण योग्य आहे.

तिसऱ्या आठवड्यात दोन-तीन रंगांची नक्षी घ्यावी. रंग बदलण्यासाठी यंत्र थांबेल, तेव्हा दोन फुलांमधून गेलेले मोकळे धागे लहान कात्रीने कापावेत. पुढचे टाके त्यांच्यावर बसले, की ते काढणे कठीण होते. चौथ्या आठवड्यात रुमालासारखी खरी वस्तू करावी. प्रत्येक वेळी त्याच कापडाच्या तुकड्यावर आधी नमुना काढून पाहावा. नमुन्यांचे हे तुकडे फेकू नयेत. त्यावर कापड, सुई आणि आधार यांची नोंद करून ठेवली, तर वर्षभरात आपलीच एक उत्तम मार्गदर्शिका तयार होते.

बाळाचे नाव घालायचे असेल तर एक सूचना. बहुतेक यंत्रांत रोमन अक्षरे तयार असतात. देवनागरीसाठी निराळी नक्षी मिळवावी लागते. आपली अक्षरे फार लहान केली, तर मात्रा, वेलांट्या आणि अनुस्वार एकमेकांत गुरफटतात. अक्षराची उंची एक सेंटीमीटरहून कमी ठेवू नये.

बिघडले तर घाबरू नये

कापडाखाली दोऱ्याचे घरटे झाले, तर आपण बॉबिनला दोष देतो. बहुतेक वेळा कारण वर असते : दोरा चकत्यांमध्ये बसलेला नसतो. यंत्र थांबवावे, कापड न ओढता गुंता खालून कापावा आणि वरचा दोरा पाय उचलून पुन्हा ओवावा. वरचा दोरा सारखा तुटत असेल, तर प्रथम सुई बदलावी, मग वेग कमी करावा, आणि ताणाला हात सर्वांत शेवटी लावावा. बाह्यरेषा भरावापासून सरकलेली दिसली, तर कापड रिंगमध्ये ढिले आहे किंवा आधार अपुरा आहे असे समजावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे कारण सापडते. असे शांतपणे कारण शोधण्याची सवय लागणे हाही या शिक्षणाचा मोठा लाभ आहे.

शरीराकडे लक्ष

यंत्र टाके घालत असताना त्याकडे टक लावून बसण्याची गरज नसते; मात्र खोली सोडून जाऊही नये. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवरच्या वस्तूकडे पाहावे आणि पापण्यांची उघडझाप करावी. सुईजवळ थेट उजेड पडेल असा दिवा ठेवावा. जवळचा चष्मा असेल तर तो लावूनच काम करावे. त्याने दिसणे सुकर होते आणि कधी सुई मोडून तुकडा उडालाच, तर डोळ्यांना काही प्रमाणात आडोसाही मिळतो. चष्मा नसणाऱ्यांनी संरक्षक चष्मा वापरावा.

मान वाकवून यंत्रात डोकावण्यापेक्षा टेबलाची आणि खुर्चीची उंची जुळवावी : पाठीला टेकू, पाय जमिनीवर, खांदे सैल. रिंग मात्र उभे राहून टेबलावर लावावी. तळहाताने दाब देता येतो आणि अंगठ्यावर भार कमी येतो. रंग बदलताना यंत्र थांबते, ती आपलीही उठून चार पावले चालण्याची वेळ समजावी. अंगठा किंवा मनगट दुखत राहिले, बोटांना मुंग्या येऊ लागल्या किंवा सकाळी सांधे बराच वेळ आखडलेले राहिले, तर काम थांबवून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. यंत्र हातांचे कष्ट कमी करते, आजार बरा करत नाही.

घरात लहान मुले असतील तर अधिक दक्षता हवी. मिनिटाला ६०० टाके म्हणजे सेकंदाला सुईचे दहा फटके. यंत्र चालू असताना रिंगच्या आत बोट जाता कामा नये, आणि सुई बदलताना यंत्र बंद असावे. मोडलेल्या सुया डबीत बंद करून मगच टाकाव्यात. चिकटवण्याचा फवारा वापरायचा झाल्यास खिडक्या उघड्या ठेवून, यंत्रापासून आणि मुलांपासून दूर मारावा. दमा असलेल्यांनी तो टाळावा.

तान्ह्या बाळाच्या कपड्यांत नक्षीची मागची बाजू हीच महत्त्वाची. पुढून रेशमासारखी दिसणारी नक्षी मागून खरखरीत असते आणि कोवळ्या त्वचेला घासते. म्हणून नक्षी आधी काढावी आणि मऊ सुती अस्तर नंतर लावावे, म्हणजे टाके अंगाला लागत नाहीत. अस्तर नसलेल्या झबल्यावर नक्षी लहान आणि विरळ टाक्यांची निवडावी व तिच्या मागे मऊ कापडाचे ठिगळ लावावे. मणी, टिकल्या बाळाच्या कपड्यावर नकोतच. निसटून तोंडात जाण्याची भीती असते. तयार कपडा धुऊन मगच बाळाला घालावा.

या सर्वांत घाईला जागा नाही, आणि घरासाठी या छंदाचे मोल तेथेच आहे. आजीने कापड आणि रंग निवडावेत, नातवंडांनी पडद्यावर नक्षी शोधावी, ज्याचे डोळे तरुण त्याने दोरा ओवून द्यावा. टाके यंत्र घालील. कोणाच्या बारशाला कोणत्या रंगाची कुंची द्यायची, हे मात्र आपल्या घरातच ठरेल. आपल्याकडे यंत्र झाकून ठेवलेले असेल, तर या आठवड्यात जुन्या चादरीचा एक तुकडा कापून घ्या, सुई बदला, प्रेसर फूट वर उचला आणि दोरा पुन्हा ओवा.