छऱ्याची बंदूक सुरात लावताना

जत्रेतल्या फुग्यांच्या दुकानावर छऱ्याची बंदूक एकदाही हाती धरली नाही, असा गृहस्थ आपल्या समाजात विरळाच. नळी मोडावी, छरा घालावा, नळी सरळ करावी आणि चाप ओढावा, एवढेच तिचे शास्त्र असे आपण समजतो. चाप ओढल्यावर तिच्या पोटात जी झणझण उठते, ती तर पुष्कळांना तिची शोभाच वाटते. वस्तुतः ती झणझण हे तिचे दुखणे होय, आणि ते दुखणे कसे काढतात हे पाहण्यासारखे आहे.

बऱ्हाणपूरच्या जुन्या मराठी घरांतून ही बंदूक अजून आढळते. उदगीरच्या लढाईनंतर, १७६० साली, हे शहर निजामाकडून मराठ्यांकडे आले आणि पुढे दीर्घकाळ शिंद्यांच्या अमलात राहिले. त्या काळी तापीकाठी स्थायिक झालेल्या घराण्यांच्या वाड्यांतून तलवारी-भाले केव्हाच गेले. माळ्यावरची छऱ्याची बंदूक मात्र राहिली. कुठे ती इंडियन ह्यूम पाइप कंपनीची असते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९२६ साली काढलेली ही कंपनी सिमेंटच्या नळांसाठी प्रसिद्ध. परंतु तिने छऱ्याच्या बंदुकाही बनविल्या, हे नव्या पिढीला ठाऊक नसते. कुठे ती जर्मनीतील रास्टाट गावची डायना असते. १८९० साली स्थापन झालेल्या त्या कारखान्याने शिकारीच्या रोमन देवतेचे नाव आपल्या मालाला दिले.

अशीच एक डायना माझ्याकडे गाणे शिकणाऱ्या एका मुलाच्या घरी आहे, आजोबांच्या वेळची. मुलाने तिच्यासाठी परदेशी कारागिरांचा एक संच मिळविला आणि तो बसविण्याच्या दिवशी मला बोलावणे पाठविले. "गुरुजी, झणझण खरोखर गेली की नाही, ते तुम्ही ऐकून सांगा," असे त्याचे म्हणणे. दरबारी गवयाच्या घरात वाढलेल्या माणसाला तार बोलती करण्याचे काम ठाऊक असते. बोलणारी तार गप्प करण्याचे काम नवीन होते, म्हणून मी गेलो.

पोटात काय असते

ज्यांनी पंपाचा स्टोव्ह पेटविला आहे, त्यांना या बंदुकीचे अर्धे शास्त्र अवगतच आहे. स्टोव्हच्या पंपाला दांडीच्या टोकाशी चामड्याचा वॉशर असतो व तो पुढची हवा दाबतो. बंदुकीतही तसेच नळकांडे, तसाच दट्ट्या आणि त्याच्या तोंडाशी तसाच वॉशर. जुन्या बंदुकीत चामड्याचा, नव्या बंदुकीत प्लॅस्टिकच्या जातीचा. दट्ट्यामागे जाड पोलादी स्प्रिंग. नळी मोडली की दट्ट्या मागे सरकतो, स्प्रिंग दबते आणि खटक्यात अडकते. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, समोरची हवा दाबली जाऊन एका बारीक भोकातून नळीत शिरते आणि छऱ्याला ढकलते.

गंमत अशी की, दट्ट्याची धाव जवळजवळ संपेपर्यंत छरा जागचा हलत नाही. दट्ट्या पुढे धावत असता बंदूक मागे सरते. तो दाबलेल्या हवेच्या उशीवर अडला की बंदूक पुढे झटका घेते. सारा खेळ सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास आटोपतो. परंतु छरा नळीबाहेर पडण्यापूर्वीच बंदूक हललेली असते. म्हणून ती आवळून धरणाऱ्याचा नेम चुकतो. तंबोरा जसा मांडीवर टेकवितात, करकचून धरीत नाहीत, तशी ही बंदूक सैल हातावर ठेवावी लागते.

आता ती झणझण कुठून येते ते पाहू. स्प्रिंग वाकू नये म्हणून तिच्या पोटात एक दांडी असते. कारखान्यातून पुष्कळदा ही दांडी स्प्रिंगच्या मानाने बारीक येते, आणि बोटात सैल अंगठी फिरावी तशी स्प्रिंग तिच्यावर खेळते. दट्ट्या थांबला तरी स्प्रिंगचे वेढे थरथरत राहतात, आणि ती थरथर दस्त्यातून नेम धरणाऱ्याच्या गालापर्यंत पोचते. कीर्तनात आपण धनुष्याचा टणत्कार ऐकतो. हाही टणत्कारच, पण शत्रूऐवजी स्वतःच्या धन्याला दचकविणारा. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून आपण झंकार मुद्दाम जागा करतो. इथे तोच झंकार मुळापासून काढावयाचा असतो.

संच बसविताना

ब्रिटनमधील व्ही-मॅक, अमेरिकेतील व्होर्टेक असे काही कारागीर या कामासाठी संच बनवितात. संचात नवी स्प्रिंग, डेलरिन नावाच्या कठीण व गुळगुळीत प्लॅस्टिकची कातलेली दांडी, स्प्रिंगच्या दुसऱ्या टोकाला बसणारी टोपी, दट्ट्याचा वॉशर व थोडे ग्रीस असते. सारी करामत त्या दांडीत आहे. ती स्प्रिंगच्या पोटात हाताने दाबली असता किंचित अडत जावी. सहज गेली तर खर्च वाया. ठोकून घालावी लागली तर स्प्रिंग तिच्यावर घासत राहते आणि वेग मरतो.

मुलाच्या संचातील दांडी जरा घट्ट निघाली. पण बऱ्हाणपूर पडले पॉवरलूमचे गाव. मागांचे सुटे भाग कातून देणारे मिस्त्री इथे हाकेच्या अंतरावर. त्यांतल्या एकाने दांडी लेथवर चढविली, केसभर उतरविली, स्प्रिंगमध्ये घालून दोन बोटांनी फिरवून पाहिली आणि म्हणाला, "बस, आता हात लावू नका." मागाचा खटखटाट ऐकून कुठला भाग ढिला झाला हे ओळखणाऱ्या माणसाला बंदुकीची ढिलाई समजावून सांगावी लागली नाही.

हे काम घरी करू इच्छिणाऱ्यांनी काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. नळकांड्यातली स्प्रिंग बंदूक भरलेली नसतानाही दबलेलीच असते. मागची खीळ काढताच बूच सुटून तोंडावर येऊ शकते. म्हणून बंदूक सुताराच्या लांब शिकंज्यात धरून बूच हळूहळू सैल करीत आणावे लागते, डोळ्यांना चष्मा हवा, आणि जवळपास मूल नको. नळकांड्याला जी लांब खाच असते तिच्या धारा कानशीने मोडाव्या लागतात. नाहीतर नवा वॉशर आत जातानाच कापला जातो. मोडलेली नळी हाताने धरून ठेवल्यावाचून तिच्या सांध्यात बोट घालू नये. आणि छरा न घालता बार कधीही काढू नये. हवेची उशी न मिळाल्याने दट्ट्या सरळ पोलादावर आदळतो.

तेलाचेही पथ्य आहे. हवा इतक्या झपाट्याने दाबली जाते की ती अतिशय तापते, आणि वॉशरपुढे तेल असले तर ते डिझेल इंजिनातल्याप्रमाणे पेट घेते. इंग्लंडातील कार्ड्यू पितापुत्रांनी अशी बंदूक नत्रवायूत झाडून पाहिली, तेव्हा छऱ्याचा वेग चांगलाच उतरला. यावरून नेहमीच्या बारातही थोडेसे ज्वलन होत असते हे दिसून आले. परंतु तेल ओतून ते वाढविणाऱ्याचा वॉशर फाटतो व स्प्रिंग तुटते.

झाकणे आणि काढणे

टणत्कार बंद करण्याचा एक स्वस्त मार्ग आहे. स्प्रिंगला डांबरासारखे दाट ग्रीस भरपूर फासले की आवाज तत्काळ बसतो. मात्र त्या चिकट लेपातून स्प्रिंगला वाट काढावी लागते, वेग घटतो, थंडीत आणखी घटतो, आणि सैल दांडी सैलच राहते. गाणे शिकविणाऱ्याला हा प्रकार परिचयाचा आहे. ज्याचा सूर हलतो तो विद्यार्थी पेटी मोठ्याने वाजवावयास सांगतो. ऐकणाराला हलणे कळत नाही, पण सूर हलतच असतो. आणि पेटी काढून घेतली की उघडा पडतो. ग्रीस थोडे लावावे, तेही दांडी नीट बसल्यावर.

बंदूक जोडून झाल्यावर परीक्षा. नव्या संचाचे पहिले काही बार हिशेबात धरीत नाहीत; ग्रीस पसरून सारे भाग आपापल्या जागी बसू द्यावे लागतात. छऱ्याचा वेग मोजण्याची यंत्रे मिळतात, पण मुलाने मोबाइल फोनवर आवाजाचा आलेख घेतला. फोन बंदुकीजवळ, आणि दहा मीटरवर चिंध्या ठासलेली लाकडी पेटी, तिच्यामागे पोलादी पत्रा. आलेखात बार आणि पेटीवरचा ठोका अशी दोन शिखरे उमटतात. समजा, दोहोंत ८५ हजारांश सेकंदांचे अंतर आहे. ठोक्याचा आवाज परत येण्यास सुमारे २९ हजारांश लागतात; उरले ५६. म्हणजे छरा सेकंदाला सुमारे १७९ मीटर वेगाने गेला. असे दहा बार मोजावे, आणि सरासरीपेक्षा त्यांच्यातले अंतर किती हे पाहावे.

मुलाच्या बंदुकीचा वेग फारसा वाढला नाही. दहा बार मात्र एकमेकांच्या पुष्कळ जवळ आले. आधीच्या आलेखात बारामागे जे लांब शेपूट होते ते आखडले, आणि कानालाही "झण्ण" ऐवजी "ठप्" एवढेच ऐकू आले. मी तसे सांगितले.

वडील जरा हिरमुसले. "एवढा खटाटोप केला, तर जोराचीच स्प्रिंग का नाही घातली? केळीच्या बागेत पाखरे फार येतात." हा प्रश्न पुष्कळ घरांतून विचारला जात असेल, म्हणून उत्तर स्पष्ट द्यावे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवान्यावाचून बाळगता येणाऱ्या छऱ्याच्या बंदुकीची मर्यादा २० ज्यूल ऊर्जा आणि ४.५ मिलिमीटर व्यास ही आहे. ०.५३ ग्रॅमचा छरा सेकंदाला १७९ मीटरने गेला तर त्याची ऊर्जा साडेआठ ज्यूल भरते. तोच २७५ मीटरने गेला की २० ज्यूल ओलांडतो. वेग दीडपटीने वाढतो, ऊर्जा सव्वादोनपटीहून अधिक. म्हणजे एका जोरदार स्प्रिंगेने घरातले खेळणे परवान्याचे हत्यार होऊ शकते. पाखरांचे म्हणाल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण दिलेले आहे. अरुणाचल प्रदेशात तर २०२१ पासून लोकांनी छऱ्याच्या बंदुका आपण होऊन सरकारजमा करण्याची मोहीम निघाली, ती रानातले पक्षी वाचावेत म्हणूनच. मुलाने एवढे काही सांगितले नाही. "बाबा, मला कागदावर मारायचंय," एवढेच तो म्हणाला.

कागदावर मारणाऱ्यांचा मान आज लहान नाही. २०२३ साली हांगचौच्या आशियाई क्रीडास्पर्धांत दहा मीटर एअर रायफलचे सांघिक सुवर्णपदक भारताने १८९३.७ गुणांच्या विश्वविक्रमासह जिंकले. त्या संघात ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील होता, दिव्यांश सिंह पनवार होता, आणि आपल्या निमाडातल्या खरगोन जिल्ह्याचा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमरही होता. त्यांच्या रायफलींत स्प्रिंग नसते. आधीच दाबून भरलेली हवा असते, म्हणून धक्काही नसल्यासारखाच. लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. तिथे प्रत्येक बार मागच्या बारासारखाच निघावा लागतो, आणि त्यासाठी जोर वाढवून काही साधत नाही.

आजोबांच्या डायनाकडून एवढी अपेक्षा कोणी करू नये. पण ती आता बारानंतर गप्प असते, त्यामुळे नेम चुकला तर तो हाताचा की श्वासाचा, हे मुलाला कळू लागले आहे. तो रोज दहाच छरे मारतो, कागदावर तारीख घालतो, आणि बंदूक कुलपात ठेवतो.