रिकामा वाद्यवृंद आणि जात्यावरची ओवी

(१)

‘काराओके’ हा शब्द जपानी भाषेतून जगभर गेला आणि ‘कराओके’ या रूपाने मराठीतही रुळला. त्याची घडण पाहण्याजोगी आहे. ‘कारा’ म्हणजे रिकामा. ‘ओके’ हा ‘ओकेसुतोरा’चा, म्हणजे ‘ऑर्केस्ट्रा’ या शब्दाच्या जपानी उच्चाराचा, पहिला तुकडा. परकी शब्दाच्या आरंभीच्या दोन मात्रा ठेवून उरलेला भाग टाकून देणे ही जपानी भाषेची आवडती रीत आहे. ‘नात्सुमेरो’ हा शब्द याच रीतीने सिद्ध झाला. त्यात ‘नात्सुकाशी’ आणि ‘मेरोदी’, म्हणजे मेलडी, या दोन शब्दांचे आद्य भाग जोडलेले असून, ऐकताच मागील दिवस जागे करणारे गाणे असा त्याचा अर्थ आहे. ‘नात्सुकाशी’ हे विशेषण ‘नात्सुकु’ या क्रियापदाशी संबद्ध आहे, आणि त्या क्रियापदाचा अर्थ ‘लळा लागणे’ असा होतो. मराठीतील ‘हुरहूर’ या शब्दात विरहाचा अंश प्रबळ आहे. ‘नात्सुकाशी’त गेलेल्या काळाविषयीच्या सुखद ओढीचा. त्या दृष्टीने ‘स्मरणरंजन’ हा मराठी शब्द त्याला अधिक जवळचा ठरेल.

‘काराओके’ या नावात रिकामेपण वाद्यवृंदाकडे दिलेले आहे. प्रत्यक्षात मात्र वाद्ये वाजत असतात आणि गाणाऱ्याची जागा रिकामी असते. नाव आणि वस्तू यांतील ही तफावत केवळ कुतूहलाची बाब नाही. रिकामी जागा नेमकी कोणती आणि ती कोणी भरावयाची, या प्रश्नावरच अशा गायनाचे सारे स्वरूप अवलंबून आहे.

(२)

तोकियोतील शिगेइची नेगिशी यांनी १९६७ साली आणि कोबे येथील दाइसुके इनोउए यांनी १९७१ साली, परस्परांपासून स्वतंत्रपणे, अशी यंत्रे तयार केली. इनोउए हे मद्यगृहांत हौशी गायकांना साथ करणारे वादक होते. स्वतः उपस्थित नसताना आपली साथ मात्र उपलब्ध व्हावी, या व्यावहारिक गरजेतून त्यांचे यंत्र निघाले. त्याचे एकस्व त्यांनी घेतले नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यात ओकायामा प्रांतात मालवाहू डब्याचे रूपांतर करून स्वतंत्र गानकक्ष सुरू झाला, आणि अनोळखी श्रोत्यांसमोरचे हे गायन स्नेह्यांच्या लहानशा मंडळात आले. पुणेकरांना ओकायामा हे नाव परिचित आहे. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान तेथील कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर रचलेले आहे.

आज तिशीत असलेल्या जपानी पिढीची स्मरणगीते तिच्या शालेय वयातील, म्हणजे स्थूलमानाने २००० सालाच्या आगेमागे निघालेली आहेत. ‘बटर-फ्लाय’ (१९९९) हे चित्रमालिकेचे शीर्षकगीत, ‘तेन्ताइ कान्सोकु’ (२००१), म्हणजे खगोल-निरीक्षण, आणि ‘चीसाना कोइ नो उता’ (२००१), म्हणजे लहानसे प्रेमगीत, ही त्यांपैकी काही होत. स्मरणगीत म्हटले की संथ व करुण चालीची अपेक्षा असते. परंतु ही गीते द्रुत लयीची व जोमदार आहेत. याचे कारण त्यांच्या उपयोगात शोधावे लागेल. कक्षातील सर्वांना एकदम सामील होता यावे असा ‘साबी’ नावाचा भाग, म्हणजे आपल्याकडील ध्रुवपदासारखा उठावदार खंड, त्यांत असतो. पडद्यावरील अक्षरांचा रंग लयीबरोबर पालटत जातो, त्यामुळे पाठांतर नसलेल्यालाही आपला शब्द चुकत नाही. गाणारा सामान्य, गळा सामान्य. त्याला सावरून धरते ती लय.

(३)

लयीच्या आधाराने सामान्य गळ्याला गाते करण्याची ही युक्ती मुळशी तालुक्याला अपरिचित नव्हती. या तालुक्याच्या पूर्व टोकाला हिंजवडी आहे. तेथील संगणक-उद्योगांत जपानी भाषा जाणणाऱ्यांनाही काम मिळते. पश्चिमेला ताम्हिणीच्या बाजूची डोंगरी गावे आहेत, आणि तेथे काही दशकांपूर्वीपर्यंत पहाटे जाते फिरत असे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी मुळशी-मावळच्या अशा गावांतून जात्यावरच्या ओव्यांचे संकलन केले. पुढे ते महाराष्ट्रभर विस्तारले आणि त्याची संख्या एक लाखाच्या वर गेली. बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने १९९० च्या दशकात ध्वनिमुद्रणेही झाली. २०१७ पासून पारी या संकेतस्थळाने या संग्रहाचे प्रकाशन हाती घेतले.

हा प्रकार प्राचीन आहे. कांडण करताना महाराष्ट्रातील स्त्रिया ओवी गातात, असा निर्देश बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात आहे. ग्रांथिक ओवी साडेतीन चरणांची मानली जाते; जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींची असते आणि तिची अक्षरसंख्या शिथिल असते. ही शिथिलता हा तिचा दोष नव्हे. दोघीजणी समोरासमोर बसून एकच खुंटा ओढतात; दगडाची फेरी हाच ताल. अक्षरे कमी पडली तर स्वर लांबवावा अथवा ‘बाई’, ‘गं’, ‘माझ्या’ असे शब्द घालावेत. अधिक झाली तर घाईने उरकावीत. व्याकरणाच्या दृष्टीने निरर्थक वाटणारे हे पूरक शब्द छंदाच्या दृष्टीने अत्यावश्यक आहेत. संपादकाने ते ‘अनावश्यक’ म्हणून गाळले, तर ओवीचा अर्थ शाबूत राहील आणि चाल मोडेल.

शब्दांच्या बाबतीत मात्र दोन्ही प्रकारांत मूलभूत भेद आहे. काराओकेत शब्द निश्चित असतात, गाणारा बदलतो. ओवीत चौकट निश्चित असते, आणि तिच्यात भावाचे, लेकाचे, दैवताचे, गावाचे नाव ज्या त्या गाणारीने आपले घालावयाचे असते. एकच चौकट माहेरच्या आठवणीला उपयोगी पडते आणि सासुरवासाच्या तक्रारीलाही. तिची रिकामी जागा शब्दांतच आहे. म्हणून गाणारी ही केवळ गाणारी नसून काही अंशी रचणारीही असते.

(४)

विजेची गिरणी आली आणि बाईच्या खांद्यावरचे फार मोठे कष्ट उतरले. त्याबद्दल हळहळ करणे अन्यायाचे होईल. परंतु त्याबरोबर ओवीची साथ गेली. मुळशीत आज तिशीत असलेल्या स्त्रियांच्या बालपणी दळण गिरणीवर जात होते. आजीची ओवी त्यांच्या कानावर पडली असली, तरी ती म्हणण्याचा प्रसंग त्यांच्या वाट्याला आला नाही. जपानी गानकक्षात साथ राहिली आहे आणि गळ्याची वाट पाहिली जाते. येथे गळे आहेत, साथ नाहीशी झाली.

संग्रहाने हे नुकसान पुष्कळ अंशी भरून काढले, पण पूर्णपणे नव्हे. ध्वनिमुद्रणात प्रत्येक जागा भरलेली असते: आवाज एका विशिष्ट बाईचा, नाव तिच्या विशिष्ट भावाचा. ऐकणारीला तेथे शिरावयास वाव नसतो. म्हणून ओवीच्या अभ्यासकाने दोन कामे एकत्र करावयास हवीत. गायिलेली ओवी पूरक शब्दांसह जशीच्या तशी नोंदावी. आणि तिच्यातील कोणती पदे स्थिर, कोणती बदलती, हे पाठांतरांच्या तुलनेने स्वतंत्रपणे दाखवावे. अशी नोंद झाली, तर भाषाविज्ञानाला मौखिक रचनेचे व्याकरण मिळेल. आणि पौडच्या किंवा ताम्हिणीच्या एखाद्या नातीला आजीच्या ओवीत स्वतःच्या भावाचे नाव कोठे घालावयाचे, हेही कळेल.