पोरं टिकत नाहीत, मग पीएफ कुणाचा?

"पोरं टिकतच नाहीत हो, पीएफ कुणाचा भरायचा?" वसईत माणिकपूर नाक्यापासून अंबाडी रोडपर्यंत कुठल्याही हॉटेलच्या गल्ल्यावर कामगारांचा विषय काढा, हे वाक्य ऐकू येतं. बोलणारा मालक वाईट नसतो. तो पोरांना दोन वेळचं जेवण देतो, झोपायला खोली देतो, गावी लग्न निघालं तर उचलही देतो. पण ज्या दिवशी कढईतलं तेल उडून आचाऱ्याचा हात कोपरापर्यंत भाजतो, त्या दिवशी हा चांगुलपणा पुरत नाही. तिथे विमा लागतो, आणि तो कामगाराचा हक्क आहे.

सुरुवात ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेपासून करतो, कारण सर्वांत जास्त घोळ तिथेच आहे. ही योजना वाळीव-सातिवलीच्या औद्योगिक गाळ्यांत यंत्रावर उभं राहणाऱ्यांसाठी आहे, असं वसईत अनेकांना वाटतं. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यानुसार दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तर आस्थापना ईएसआयच्या कक्षेत येते, मग तिथे पत्रा कापत असोत की डोसा घालत असोत. "भटारखाना म्हणजे काय कारखाना आहे का?" हा वाद तर त्याआधीच निकालात निघाला होता. दिल्ली जिमखाना क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्वयंपाकघरातलं काम ही उत्पादनप्रक्रियाच मानली. दहा मोजताना फक्त आचारी आणि वेटर धरून चालत नाही. मोरीवर भांडी घासणाऱ्या मावशी, टेबलं पुसणारा, पार्सल बांधणारा, ठेकेदाराने पाठवलेला माणूस, सगळे त्यात येतात.

"परवडत नाही" हे त्यापुढचं वाक्य. हिशेब करून पाहू. बारा माणसं, प्रत्येकाचा पगार सरासरी १५,००० रुपये. ईएसआयमध्ये मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के, म्हणजे महिन्याला सगळ्यांचे मिळून साधारण ५,८५० रुपये. कामगाराचा हिस्सा पाऊण टक्का, म्हणजे माणशी ११३ रुपये. २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला प्रत्येक जण यात बसतो. मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून कापणं बेकायदा आहे, आणि ते सर्रास होतं म्हणून मुद्दाम सांगतो.

एवढ्या पैशात मिळतं काय? नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला उपचार मिळतात. वसईहून लोकलने गाठता येईल असं ईएसआयचं रुग्णालय कांदिवलीला आहे. बायको-मुलं गावी राहत असतील तर त्यांच्यासाठी तिकडचा दवाखाना नोंदवता येतो. आजारपणात ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. बाळंतपणात २६ आठवडे पूर्ण पगार मिळतो. कामावर इजा झाली तर बरा होईपर्यंत ९० टक्के, आणि त्यासाठी किती दिवस वर्गणी भरली हे विचारलं जात नाही.

मालकाचं हित यात कुठे आहे, हे कुणी त्याला नीट सांगत नाही. ईएसआयचा विमा असलेल्या कामगाराला त्याच इजेसाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. विमा नसेल तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते. महिना १५,००० मिळवणारा २५ वर्षांचा मुलगा कामावर दगावला, तर कायद्याच्या कोष्टकाप्रमाणे ती रक्कम १६ लाख २६ हजारांच्या घरात जाते. वर्षभराची बारा जणांची वर्गणी ७० हजारांच्या आसपास भरते. मला यात "परवडत नाही" कुठे बसतं ते कळत नाही.

आता पीएफ. वीस किंवा अधिक माणसं असलेल्या हॉटेलला तो सक्तीचा आहे. त्याहून लहान हॉटेलला स्वखुशीने त्यात येता येतं. पोरं टिकत नाहीत हे खरं, पण म्हणूनच यूएएन क्रमांक आहे. पोरगा माणिकपूर सोडून विरारला गेला, तिथून उडुपीला परतला, तरी क्रमांक तोच राहतो. दहा हॉटेलांत एकेक वर्ष काढलेल्या वेटरची नोकरीही दहा वर्षांची धरली जाते, आणि दहा वर्षं भरली की अठ्ठावन्नाव्या वर्षापासून पेन्शनचा हक्क लागतो. "हातात कमी येतं" म्हणून पोरंच नको म्हणतात, हेही खरं आहे. पंधरा हजारांतून १,८०० कापले जातात, पण मालकही तेवढेच घालतो. त्यातले १,२५० पेन्शनला जातात, ५५० पीएफमध्ये. शिवाय सदस्य नोकरीत असताना मरण पावला तर घरच्यांना सात लाखांपर्यंत विमा मिळतो, त्यासाठी कामगाराकडून एक रुपयाही घेत नाहीत. हे कुणीतरी बसून, पोराच्या भाषेत समजावून सांगायला हवं. मालकाने वेळ काढावा असं हे काम आहे. नेपाळी मुलांना पीएफ लागू नाही, ही समजूतही चुकीची. पीएफसाठी त्यांना भारतीय कामगारांसारखंच धरतात.

ग्रॅच्युइटीबद्दल सांगतात की पोरगा दरवर्षी दोन महिने गावी जातो, म्हणजे त्याची सलग नोकरी होतच नाही. कायदा मात्र वर्षाला २४० दिवस पाहतो. महिन्याला २६ दिवस धरले तरी दहा महिन्यांचे २६० होतात. अशी पाच वर्षं भरली, मूळ पगार १५,००० असला, तर ४३ हजारांवर रक्कम त्याच्या नावावर लागते. दहा माणसांच्या हॉटेललाही हे लागू आहे.

जेवण आणि खोली देतो, तोच अर्धा पगार, असं म्हणणाऱ्यांनी वेतन संहिता पाहावी. पगाराऐवजी दिलेल्या वस्तूंची किंमत एकूण वेतनाच्या १५ टक्क्यांपर्यंतच वेतनात धरता येते. राहण्याच्या जागेची किंमत वेतनात येतच नाही. आणि बिलावरचा सर्व्हिस चार्ज? तो कामगारांसाठी असतो असं हॉटेलवाल्यांच्या संघटना सांगत आल्या, पण तो ग्राहकावर सक्तीने लावता येणार नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी स्पष्ट केलं. त्याच्या भरवशावर कामगाराचं भविष्य ठेवू नये.

राहिले चार-पाच माणसांचे चहा-वडापावचे गाळे. त्यांना यातलं बरंच काही लागू नाही, म्हणून काहीच करता येत नाही असं नाही. बँकेत खातं असलेल्या कामगाराला प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत आणि जीवनज्योती विमा ४३६ रुपयांत मिळतो. दोन्हींचं संरक्षण दोन-दोन लाखांचं आहे. जीवनज्योती पन्नाशीच्या आत घ्यावा लागतो. चार कामगारांचे मिळून वर्षाला १,८२४ रुपये होतात. ते मालकाने भरावेत आणि वारसाचं नाव नोंदवलंय ना, ते स्वतः पाहावं. विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं, हप्ता मे महिन्याच्या अखेरीला खात्यातून आपोआप कापला जातो. नेमकी तेव्हाच पोरं गावी गेलेली असतात आणि खातं रिकामं असतं. म्हणून गावी निघताना हिशेब चुकता कराल, तेव्हा पाचशे रुपये रोख न देता त्याच्या खात्यात टाका.